तांदळाच्या पिपातला किराया

कोसमघाट,
११ मे

तीर्थरूप आईस,
कांताचा नमस्कार. खुशबूचाही. ती माझ्या खांद्यावरून पत्रात डोकावते आहे आणि "आजीला लिही, मी जाड झाली" असं सांगते आहे. तेव्हा लिहिलं.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी गुडघ्यांचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, यंदा लोणच्याला फोडी कमीच पडल्या. मी पण "बरं बरं" म्हणून ठेवून दिला. पण चष्मा लावला की पेपरातल्या निविदासुद्धा तुम्ही सोडत नाही, म्हणून म्हटलं, लिहावंच.

इकडे ऊन विचारू नका. दुपारी गल्लीत कुत्रं फिरत नाही. कूलरची खस बदलली, तरी गरमच वारा फेकतो. शेजारची शकुबाई सकाळी टँकरपाशी भांडते आणि संध्याकाळी त्याच बाईच्या ओट्यावर गप्पा मारत बसते, त्यात काही बदल नाही. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलं आहे. मशीनजवळ निळ्या कापडाचा ढीग पडला आहे, पाय ठेवायला जागा नाही. श्रावणची नोकरी आलापल्लीच्या डेपोतच आहे, शनिवारी येतो आणि रविवारी जातो.

तुम्ही आदेशभाऊंकडे भद्रावतीला गेल्यापासून गाव इतकं बदललं की ओळखू येणार नाही. कारखाना सुरू झाला आणि कुठून कुठून माणसं आली. चौकात बिर्याणीची तीन दुकानं झाली. पानठेलेवाल्या इसरूनं बैलांचा कोठा रंगवला, वर पत्रा टाकला आणि एका इंजिनियरला दिला. परवा तो इंजिनियर दारात बसून दात घासत होता आणि इसरूचे दोन्ही बैल रस्त्यावर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. हसू आलं. पण आई, त्या कोठ्याचा जो किराया आहे, तेवढ्यात पूर्वी अख्खं घर मिळत होतं. आपल्या ओळीतली चार बिऱ्हाडं उठली. दर्जी गेला, नर्सबाई गेली.

म्हणून सध्या नगर पंचायतीत एका नियमाचा विचार चालू आहे. वर्षाला ठरावीक प्रमाणाच्या वर किराया वाढवायचा नाही, आणि जो आज राहतो त्याला दोन वर्षं काढायचं नाही. आपल्या वॉर्डाचे मेंबर निकेशभाऊ यांनी तो मांडला आहे. मतदान व्हायचं आहे. त्याआधी गावात किरायानं कोण कोण राहतं त्याची नोंद घेणार आणि जो नोंदीत आला त्यालाच तो नियम लागणार. झालं असं की नियम यायच्या आत खोल्या रिकाम्या करून घ्यायची मालकांना घाई सुटली.

आदेशभाऊ परवा येऊन गेले. तुम्हाला माहीत असेलच. एका ठेकेदाराला त्यांनी हे घर दाखवलं. तो चपला घालून स्वयंपाकघरात गेला, एवढंच मला खटकलं. बाकी भाऊ नेहमीसारखेच गोड बोलले.

तुम्ही एकदा भाऊंशी बोला. काय बोलायचं ते मी लिहीत नाही, तुम्हाला समजेल. प्रकृतीची काळजी घ्या, थंड पाणी एकदम पिऊ नका. रंजीतावहिनींना सांगा, त्यांच्या ब्लाउजचं माप माझ्याकडे आहे, कापड पाठवलं की शिवून देईन.

तुमची लेक,
कांता

*

कोसमघाट,
२४ मे

तीर्थरूप आईस,
नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं मी मनाला सांगते, पण पोस्टमन इतवारी शपथेवर सांगतो की भद्रावतीला पत्र चौथ्या दिवशी जातं.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. खुशबू डोकावत नव्हती. ती आत पडून होती, हात-पाय धरून. उन्हानं अंगातलं पाणी आटलं आणि तिचा तो रक्तातला सिकलसेलचा त्रास उठला. तिला उचलून दवाखान्यात नेलं. चार गल्ल्या ओलांडल्या की सलाइन लागतं, म्हणून वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, हिले दवाखान्यापासून लांब ठेवू नका. पुढच्या वेळी अर्धा दिवस उशीर झाला तं माह्या हातात काही राहनार नाई." अजून तिच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे. ती जाड झालेली नाही, आई. मी उचलते तेव्हा मला कळतं.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. आदेशभाऊंनी मला मृग लागायच्या आत घर रिकामं करायला सांगितलं आहे. ठेकेदाराला सगळं घर सुपरवायझर लोकांसाठी हवं आहे, तुमची खोली, माझी खोली, मधला सोपा, सगळं. दुसरी खोली मी शोधली. चपला झिजल्या. जी आहे ती माझ्या ऐपतीत नाही, आणि एकदोन ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर खोली "आत्ताच देऊन टाकली" झाली. तो अनुभव मला नवा नाही. तुमच्या दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा अशीच गाव फिरून आले होते, आणि तुम्ही आडनाव न विचारता पाण्याचा गडवा पुढे केला होता.

म्हणजे उरलं श्रावणचं गाव, माझं सासर. तिथं दवाखाना नाही. पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा बुडतो आणि आठ-आठ दिवस कोणी इकडचं तिकडं होत नाही. तुम्हाला आणखी काय सांगू?

मी नोंद करायला गेले. नगर पंचायतीत लटारूभाऊ बाबू आहेत, माणूस वाईट नाही. त्यांनी विचारलं, "किरायाची पावती हाये काय? नाईतं बँकेतून, फोनवरून देल्याचं काही?"

मी काय दाखवणार? तुम्हीच सांगा. माझी आई गेली त्या दिवाळीला तुम्ही मला साडी-चोळी केली, शेजारच्या बायांसमोर म्हणालात, "आजपासून कांता माही लेक." आणि पहिल्या तारखेला मी किराया पुढे केला तर हात झटकलात. "लेकीच्या हातून पैसा घेऊन कुठी जाऊ मी? नरकात?" मला फुकट राहायचं नव्हतं आणि तुमचं पण त्याच्यावरच चालत होतं, हे आपल्या दोघींनाही कळत होतं. मग ते तसं सुरू झालं. पहिल्या तारखेला मी तुमच्या तांदळाच्या पिपात हात घालून किराया खुपसायची आणि दुपारी तुम्ही तांदूळ निवडायला बसायच्या. इतकी वर्षं. ना मी कधी "ठेवला" म्हटलं, ना तुम्ही कधी "मिळाला" म्हटलं. तुम्ही भद्रावतीला गेल्यावर भाऊ महिन्या-दोन महिन्यांनी यायचे आणि "आईले इथलाच तांदूळ लागते" म्हणून पिपाशी बसायचे. मी एकदा म्हटलं, भाऊ, फोनवर टाकत जाऊ का? तर म्हणाले, "राहू दे ना ताई, आपल्या घरची रीत हाये ते." मला बरं वाटलं होतं. रीत म्हणाले, आपलं घर म्हणाले.

लटारूभाऊंना मी हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "बाई, पिपाची पावती कोन देते? आन तुमच्याबद्दल तं आदेशभाऊचा अर्ज आला हाये." त्यांनी वाचून दाखवला. कांता आमची बहीण आहे, आईनं मानलेली मुलगी, ती आमच्या कुटुंबात राहते, घरखर्चाला हातभार लावते, भाडेकरू नाही. एक अक्षर खोटं नाही त्यात! मला रागवायला पण जागा ठेवली नाही त्या माणसानं. मालकाच्या नातेवाइकांची नोंद घेत नाहीत, कारण काही मेंबरांनी आपले साळे-मेहुणे भाडेकरू म्हणून घुसवले होते. आणि नातेवाईक म्हटलं की घरच्यांनी निघ म्हटलं तर निघायचं.

लटारूभाऊ म्हणाले, साक्षीदार आणा. मी शकुबाईला घेऊन गेले. मला वाटलं, तीच सगळ्यात जवळून बघणारी. रस्ताभर तिला पढवलं. आणि तिथं गेल्यावर तिला असा उमाळा आला की विचारू नका. "साहेब, लेकीसारखी नाई, लेकच हाये! रुखमाबाईचा पाय मोडला तं हिनंच केलं सारं. सख्खी पोरगी करनार नाई असं केलं. हिले कोन किरायदार म्हनते? त्याचं तोंड दाखवा मले!" मी तिचा पदर ओढत होते, तर तिला वाटलं मी लाजते. आणखी जोरात सांगू लागली. लटारूभाऊंनी लिहून घेतलं, साक्षीदाराच्या मते नाते मुलीचे.

बाहेर आल्यावर शकुबाई म्हणाली, "चांगलं बोलली ना वो मी?" मी हो म्हटलं. काय म्हणणार!

आई, घर तुमच्या नावावर आहे. भाऊंच्या अर्जापेक्षा तुमच्या शब्दाला वजन आहे. मला एका कागदावर लिहून द्या की कांता माझ्याकडे किरायानं राहते. बाकी काही नको. तुम्हाला ते कसं वाटेल हे मला कळत नाही असं समजू नका. मीही हे पत्र तीनदा फाडून लिहिलं आहे. पण खुशबूकडे बघा आणि लिहा.

मी स्वतः आले असते. तिला सोडून येववत नाही.

तुमची,
कांता

*

कोसमघाट,
४ जून

आई,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर तुमचंच आहे, वाकडं पण ठसठशीत. दहा वेळा वाचलं.

"तुला किरायदार लिहायला माझा हात उचलत नाही. मेल्यावर देवाला काय तोंड दाखवू. आदेशचं मन मी वळवते. नाहीच वळलं तर खुशबूला घेऊन इकडे ये, आईच्या घरात लेकीला जागा नसते का?"

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कार्ड छातीशी धरून रडले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला तुमचा राग आला. असा राग मला तुमचा कधीच आला नव्हता. आई, तुम्ही स्वतः त्या घरात बाल्कनीला पत्रे लावून झोपता. तुम्ही सांगत नाही, पण रंजीतावहिनीच मागे बोलून गेल्या. आम्हाला कुठं ठेवणार? आणि आदेशभाऊंचं मन तुम्ही वळवणार? ठेकेदाराची दोन माणसं काल टेप घेऊन येऊन माझ्या मशीनच्या जागी खाट बसते का ते मोजून गेली.

तुम्ही देवाला काय तोंड दाखवायचं याचा विचार करता. मी त्या पोरीला काय तोंड दाखवू याचा करते. तुमची माया माझ्यावर नसती तर आज माझ्याकडे पावत्यांचा गठ्ठा असता. नर्सबाईला तिची मालकीण दर महिन्याला शिव्या देऊन पावती द्यायची. किराया वाढला तेव्हा ती स्वतःच निघून गेली, पण राहिली असती तर तिला कोणी हलवू शकलं नसतं. आणि मी? मला तुम्ही जेवायला वाढलं, बाळंतपणं केली, माझा एक पोरगा गेला तेव्हा रात्र-रात्र माझ्या उशाशी बसलात. त्यातलं काहीच माझ्या कामाचं नाही. उलट तेच माझ्या गळ्याशी आलं आहे. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिते.

काल नगर पंचायतीत माझ्या नोंदीची सुनावणी होती. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत मी सांगते.

सभागृह भरलेलं होतं. समोर निकेशभाऊ, बाजूला लटारूभाऊ. आदेशभाऊ सुट्टी काढून आले होते. माझ्यासाठी भद्रावतीहून चिवड्याचा पुडा आणला होता, तो त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. "घे ताई, आईनं पाठवला." मी घेतला. घेतला नसता तर काय झालं असतं कोण जाणे. हातात तो पुडा घेऊनच मी उभी राहिले.

निकेशभाऊंनी विचारलं, "बाई, रुखमाबाई पिंपळशेंडे तुमच्या कोन लागते?"

मी म्हटलं, "कोनी नाई."

"मोठ्यानं सांगा. मांगं आयकू जाऊन नाई राह्यलं."

"कोनी नाई लागत. त्या मालकीन हायेत. मी किरायदार हाव."

मागून शकुबाई ओरडली, "काय बोलून राह्यली वो कांते! जीभ झडंल ना तुही!" आदेशभाऊ उठून माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरून आले होते, आई. खोटे नव्हते ते. मला म्हणाले, "ताई, आईनं हे आयकलं तं ते मरून जाईन." आणि मी, तुमची कांता, सगळ्या गावासमोर म्हणाले, "तुमची आई तुम्ही पाहा. माही आई मेली, तिले वर्सं झाली."

हे माझ्या तोंडून गेलं आहे. परत घेता येत नाही, आणि आज पुन्हा विचारलं तरी मी हेच सांगेन. मग मी खाली बसले. तुम्ही पाठवलेल्या चिवड्याचा मांडीवर भुगा झाला होता.

एवढं करून काम अर्धंच झालं. लटारूभाऊ म्हणाले, मालक जिवंत आहे तर मालकाला विचारावं लागेल. तुमच्याकडे नगर पंचायतीचा कागद येईल. त्यात विचारतील, कांता दुर्गे तुमची नातेवाईक आहे का? त्याच्यासमोर तुम्ही "नाही" लिहायचं आहे. मतदानाच्या आत तो कागद परत आला तर माझी नोंद होईल. नियम पास होईल की नाही तेही अजून कोणाला माहीत नाही. निकेशभाऊ म्हणतात, एक-दोन मतांचा फरक आहे. म्हणजे हे सगळं करूनही कदाचित हातात काहीच येणार नाही. तरी मला करायचं आहे. दुसरं काही माझ्याजवळ शिल्लक नाही.

"हो" लिहिलंत तर मी तुमची लेक राहीन आणि खुशबूला घेऊन रपट्यापलीकडे जाईन. मग पावसात एखाद्या दुपारी ती हात-पाय धरून ओरडायला लागली की मी नाल्याच्या काठावर उभी राहून पाणी उतरायची वाट बघेन. तुम्हाला ते चालेल का? तुमच्या देवाला चालेल का?

लटारूभाऊंनी मला आणखी एक सांगितलं. मी तुम्हाला रजिस्टर पोस्टानं एक पत्र पाठवायचं आणि त्याची प्रत त्यांच्याकडे द्यायची. त्यांनी मजकूर पण सांगितला. ते पत्र उद्या टाकते. ते आलं की चष्मा लावू नका, नुसती सही करून घ्या. वाचलंच तर अक्षर माझं आहे, पण बोलणं माझं नाही, एवढं धरून चाला.

खुशबू आता उठून बसली आहे. या वेळी खरंच बसली आहे. मी काय केलं ते तिला सांगितलेलं नाही. ती विचारते, आजीला लिहितेस का, मग माझा पापा लिही. लिहिते. तुमचं आणि तिचं नातं काय हे मला काल कोणी विचारलं नाही, कोणत्या कागदावर तो प्रश्न नाही. तेव्हा ती तुमची नात आहे. ती राहील.

मी मात्र या पत्राखाली नाव घालत नाही.

*

रजिस्टर पोस्टाने
दिनांक ५ जून

प्रति,
श्रीमती रुखमाबाई पिंपळशेंडे (घरमालक),
मु. भद्रावती, जि. चंद्रपूर

विषय : कोसमघाट येथील घरातील भाडेकरू असल्याबाबत

महोदया,

मी आपल्या मालकीच्या कोसमघाट येथील घरात पती व मुलीसह भाड्याने राहत आहे. भाडे दरमहा नियमितपणे दिले आहे. आपण मला त्याची पावती दिलेली नाही.

आपले व माझे रक्ताचे, लग्नाचे किंवा मानलेले कोणतेही नाते नाही.

नगर पंचायतीकडून विचारणा होईल तेव्हा वरीलप्रमाणे कळवावे, ही विनंती.

आपली भाडेकरू,
कांता श्रावण दुर्गे

प्रत : नगर पंचायत कार्यालय, कोसमघाट